नावाची राखण : खाद्यपदार्थांची नावे, कायदा आणि तपासणी

नावात दिलेली हमी

खाद्यपदार्थाचे नाव ही विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेली हमी असते. आंबा आतून कसा निघेल हे पैसे मोजून, घरी नेऊन, सुरी चालवल्यावर कळते. तान्ह्या मुलाच्या दुधाच्या डब्यात काय आहे ते तर डबा उघडल्यावरही कळत नाही. म्हणून गिऱ्हाईक नावावर विश्वास ठेवते आणि त्या विश्वासाचे जास्तीचे पैसे मोजते. जिथे जास्तीचे पैसे मिळतात तिथे खोटे नाव लावण्याचा मोहही होतो.

ही हमी तीन प्रकारची असते. हापूस, दार्जिलिंग चहा, नागपूरचे संत्रे ही नावे मुलखाची हमी देतात. दूध, लोणी, मध ही नावे जिन्नसाची हमी देतात. ‘ओआरएस’, ‘हेल्थ ड्रिंक’ ही नावे गुणाची हमी देतात, आणि मुलांच्या बाबतीत तीच सर्वांत नाजूक असते. तिन्हींसाठी कायदे वेगळे आणि सरकारी खातीही वेगळी आहेत. प्रश्न मात्र सगळीकडे तेच दोन येतात : हे नाव लावण्याचा हक्क कोणाचा, आणि लावलेले नाव खरे की खोटे हे तपासायचे कोणी? पहिल्या प्रश्नावर राज्याराज्यांत आणि देशादेशांत कडाक्याची भांडणे होतात. दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही. नावाला बाजारात किंमत राहते की नाही, हे मात्र त्या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते.

युरोपातील घडण

मुलखाच्या नावाला संरक्षण देण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने १४११ मध्ये रोकफोर गावच्या लोकांना तिथल्या गुहांमध्ये चीज मुरवण्याचा एकाधिकार दिला. त्याच चीजसाठी १९२५ मध्ये फ्रान्सने स्वतंत्र कायदा केला.

शॅम्पेनची कथा अधिक तापट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शॅम्पेन प्रांतातील काही व्यापारी लुआर खोऱ्यातून आणि अन्य भागांतून स्वस्त द्राक्षे रेल्वेने आणून त्यांची वाइन शॅम्पेन म्हणून विकत. त्यात पीक बुडाल्याची वर्षे आली आणि १९११ मध्ये शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. व्यापाऱ्यांची गोदामे फोडली गेली, पिंपेच्या पिंपे रस्त्यावर ओतली गेली, सैन्य बोलवावे लागले. कोणता भाग शॅम्पेनमध्ये मोडतो आणि कोणता नाही यावरही शेजारच्या जिल्ह्यांत तंटा झाला. सीमारेषेचा तो वाद १९२७ च्या कायद्याने मिटला. बाहेरचा माल आपल्या नावाने खपतो, ही तक्रार कोकणातल्या बागायतदाराला नवी वाटणार नाही.

युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये खाद्यपदार्थांच्या नावांसाठी सामाईक नियम केले. त्यांतून निघालेल्या खटल्यांपैकी ‘फेटा’चा खटला गाजला. डेन्मार्क आणि जर्मनीत गाईच्या दुधाचे पांढरे चीज अनेक वर्षे या नावाने विकले जात होते. त्यामुळे हे नाव आता सर्वसामान्य झाले आहे, असे त्या देशांचे म्हणणे होते. ग्रीसचे फेटा मेंढीच्या दुधाचे असते. त्यात बकरीचे दूध फार तर तीस टक्क्यांपर्यंत चालते. युरोपच्या न्यायालयाने २००५ मध्ये ग्रीसच्या बाजूने निकाल दिला. निर्यातीच्या मालावरही हे नाव लावता येणार नाही, असे २०२२ मध्ये डेन्मार्कला बजावले. ‘चेडर’ हे नाव मात्र जगभर इतके पसरले, की आज ते कोणीही लावू शकतो. नाव वेळेवर राखले नाही तर ते सर्वांचे होते आणि मूळ गावाचा त्यावरचा हक्क संपतो.

काटेकोर नियमांतून विचित्र प्रसंगही उभे राहतात. इंग्लंडमधील ‘स्टिल्टन’ चीज डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांतच करता येते. ज्या गावावरून त्याला नाव मिळाले ते स्टिल्टन केंब्रिजशायरमध्ये असल्याने त्या गावात स्टिल्टन करण्यास बंदी आहे. ‘न्यूकॅसल ब्राऊन एल’ ही बिअर टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला तयार होऊ लागली, तेव्हा तिचे संरक्षित नाव २००७ मध्ये रद्द करून घ्यावे लागले.

नावामागची तपासणी प्रत्यक्षात कशी चालते, हे इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये पाहायला मिळते. सुमारे चाळीस किलोचे एक चाक किमान बारा महिने फळीवर मुरते. त्यानंतर उत्पादक संघाचा परीक्षक प्रत्येक चाक खाली उतरवून लहानशा हातोडीने ठिकठिकाणी वाजवतो. आवाज सगळीकडे सारखा आला तर आत भेग किंवा पोकळी नाही असे ठरते आणि चाकाच्या कडेवर तापलेल्या लोखंडाने शिक्का उमटतो. नापास झालेल्या चाकाच्या कडेवरची नावाची अक्षरे खरवडून काढली जातात. ते चीज विकता येते, पण त्या नावाने नाही. आपलाच माल नापास करण्याची ही तयारी हेच त्या नावाच्या किमतीचे कारण आहे.

भारतातील कायदा

भारतात असा कायदा होण्यास बाहेरून धक्का बसावा लागला. टेक्सासमधील राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत बासमतीच्या काही वाणांवर पेटंट मिळाले. भारताने पुरावे गोळा करून त्याला आव्हान दिले आणि बहुतेक दावे गळून पडले. पण त्या धावपळीत घरातली उणीवही उघड झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराप्रमाणे, मूळ देशात संरक्षण नसलेल्या नावाला इतर देशांनी संरक्षण देण्याचे बंधन नसते. बासमतीला तेव्हा भारतातच कायद्याचे छत्र नव्हते.

१९९९ मध्ये संसदेने वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा कायदा केला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून तो अमलात आला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला आहे. पहिले भौगोलिक मानांकन दार्जिलिंग चहाला मिळाले. बासमतीची नोंदणी मात्र २०१६ पर्यंत रखडली. त्यातून मध्य प्रदेश वगळला गेल्याने त्या राज्याने न्यायालयात धाव घेतली आणि युरोपात भारताने अर्ज केला तेव्हा पाकिस्तानने हरकत घेतली.

या कायद्याची चौकट समजून घेतली तर बरेच गैरसमज दूर होतात. मानांकन एका माणसाचे किंवा कंपनीचे नसते. उत्पादकांची संस्था किंवा त्यांचे हित पाहणारे अधिकृत मंडळ अर्ज करते. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. संस्थेला मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप हक्क मिळाला असे होत नाही. त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. शिवाय नाव गावाचेच असले पाहिजे असे नाही. बासमती आणि हापूस ही गावे नाहीत, तरी त्या नावांनी ठरावीक मुलखाचा माल ओळखला जातो आणि कायद्याला तेवढे पुरते.

पदार्थाचा शोध प्रथम कोणी लावला, याचा निवाडाही हा कायदा करत नाही. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशात बराच काळ वाद पेटला होता. एकीकडे कोलकात्याचे मिठाईवाले नोबिनचंद्र दास यांचे नाव पुढे केले जाई, तर दुसरीकडे जगन्नाथाच्या नीलाद्री बिजे या विधीतील नैवेद्याचा दाखला दिला जाई. शेवटी २०१७ मध्ये ‘बांग्लार रसोगोल्ला’ आणि २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’ अशी दोन वेगळी मानांकने दिली गेली. दोन्हींची कृती, पोत आणि गोडी वेगळी असल्याने दोघांनाही जागा मिळाली. वर्तमानपत्रांनी याला कोणाचा तरी विजय म्हटले, पण नोंदणीने इतिहासाचा निकाल दिला नव्हता.

कायद्याची खरी कमजोरी तपासणीत आहे. युरोपात माल बाजारात येण्याआधी तो ठरलेल्या कृतीप्रमाणे आहे, हे सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त संस्थेने तपासणे बंधनकारक आहे. भारतीय नियमांत अर्जासोबत तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला जातो, तोही अशी यंत्रणा असल्यास. त्यामुळे अनेक मानांकनांच्या कागदपत्रांत तपासणी समितीचे नाव असते, पण बाजारात तिचे अस्तित्व जाणवत नाही. महाराष्ट्रात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सोलापूरचे डाळिंब, सांगलीची हळद आणि बेदाणा, जळगावची केळी, लासलगावचा कांदा, मंगळवेढ्याची ज्वारी, घोलवडचा चिकू, कोल्हापूरचा गूळ, अलिबागचा पांढरा कांदा अशी भली मोठी यादी तयार झाली आहे. यांतल्या किती नावांसाठी बाजारात एखादी पेटी किंवा पोते उघडून पाहिले जाते, हा प्रश्न त्या यादीला विचारला पाहिजे.

हापूस : एका नावाची परीक्षा

हापूस आंब्याला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. अर्जदारांत दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था होत्या. जांभ्या दगडाची निचऱ्याची जमीन, समुद्रावरची दमट हवा आणि थंडीत येणारा मोहोर यांमुळे फळाला विशिष्ट वास, केशरी गर आणि पातळ साल येते, असा हा दावा आहे. त्याच हापूसचे कलम घाटावर किंवा कर्नाटकात लावले तरी झाड हापूसचेच होते. फळात मात्र फरक पडतो. गाभा पांढरट आणि बेचव होण्याचा ‘साका’ हा दोष कोकणच्या हापूसलाही चुकलेला नाही, पण त्या फळाचा वास लपत नाही.

हंगामात वाशीच्या बाजार समितीत कोकणातून पेट्या येतात, तसा कर्नाटकातूनही हापूस येतो. तो दिसायला जवळपास सारखा आणि भावाने कमी असतो. इथपर्यंत काही गैर नाही. कर्नाटकचा शेतकरी त्याच्या कलमांवर आलेले फळ विकतो आणि त्यातही त्याची मेहनत असते. गडबड पुढे होते. हे फळ ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ छापलेल्या खोक्यात भरले जाते, वर पेंढा घातला जातो आणि शहरातल्या गल्लीतला विक्रेता ते कोकणच्या भावाने विकतो. कोकणच्या बागायतदाराचा भाव पडतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि कर्नाटकच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले काही पडत नाही. फायदा मधल्या हाताला होतो.

उघडपणे ‘कर्नाटक हापूस’ लिहून माल विकला तर ते चालेल का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या वस्तू केंद्र सरकारने वाढीव संरक्षणासाठी खास अधिसूचित केल्या असतील, त्यांच्या बाबतीत खरे मूळ सांगून किंवा ‘च्या पद्धतीचा’ अशी जोड देऊनही संरक्षित नाव वापरता येत नाही. इतर वस्तूंच्या बाबतीत गिऱ्हाइकाची दिशाभूल होते का, हे पाहिले जाते. म्हणजे दोन्ही बाजूंना युक्तिवादाला जागा राहते. ‘शिवनेरी हापूस’, ‘वलसाड हापूस’ अशा नावांची मागणी पुढे आल्यामुळे हा प्रश्न टळणारा नाही. गोव्याने याच काळात वेगळी वाट धरली. हापूसच्या नावाशी स्पर्धा न करता २०२३ मध्ये आपल्या मानकुराद आंब्याचे मानांकन मिळवले.

मुलांच्या खाण्यातली नावे

आंब्याच्या नावात फसगत झाली तर पैसे जातात. मुलांच्या खाण्यात ती झाली तर तब्येतीवर बेतते. म्हणून या क्षेत्रात कायदा आधी आला आणि कडकही आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता केली. भारताने १९९२ मध्ये त्याबाबत कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यानुसार तान्ह्या मुलांच्या दूधपर्यायांची आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार आहाराची जाहिरात करता येत नाही. डब्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही. पावडर आईच्या दुधासारखी केली आहे असे सुचवणारे शब्दही वापरता येत नाहीत. आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे वाक्य डब्यावर ठळकपणे छापावे लागते. औषधाच्या दुकानात या डब्यांवर फुले, पक्षी किंवा अस्वल दिसते आणि बाळ दिसत नाही, ते या कायद्यामुळे.

मूल दोन वर्षांचे झाले की हे कवच संपते आणि जाहिरातीचे राज्य सुरू होते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या. उंची, ताकद, बुद्धी असे सगळे त्या नावात कोंबले गेले. २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेवर एका व्हिडिओने बोट ठेवले आणि घरोघरी चर्चा झाली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने चौकशी केली, तेव्हा अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही, हे समोर आले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या सदरातून काढण्यास सांगितले. सदर बदलले, डब्यातली साखर त्या आदेशाने कमी झाली नाही. पण निदान खाऊला औषधाचा मान मिळणे थांबले.

‘ओआरएस’चे प्रकरण याहून गंभीर आहे. जुलाबाने शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. लहान मूल काही तासांत गळून जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. हेच पाणी म्हणजे ‘ओआरएस’. त्याच्या आजच्या प्रमाण सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून बरोबरीने शोषले जातात आणि पाणी ओढून घेतात. साखर प्रमाणाबाहेर गेली तर गाडी उलटी फिरते. आतड्यातली साखर शरीरातले पाणी आत खेचते आणि जुलाब वाढतो.

तरीही फळांच्या रसासारखी गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घेऊन औषधांच्या दुकानांत दिसत होती. आजारी मुलाचे आईबाप घाईत तेच खोके उचलत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये याला मनाई केली. पण काही महिन्यांतच, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र नाही असा शेरा छापण्याच्या अटीवर सूट दिली. नाव पुढे ठळक आणि शेरा मागे बारीक अशी ती व्यवस्था होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये ही सूट काढून घेतली गेली. बारीक अक्षरातला शेरा ठळक नावातला खोटेपणा धुऊन काढत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे आणि तो आंब्याच्या खोक्यालाही लागू पडतो.

तंत्रज्ञान कुठवर पुरते

खऱ्याखोट्याची निवड करायला आता प्रयोगशाळा आणि मोबाइल दोन्ही मदतीला आहेत. बासमतीत दुसरा तांदूळ मिसळला आहे का, हे डीएनए चाचणीने ओळखता येते. वाइन आणि मधाच्या भेसळीसाठी समस्थानिकांच्या प्रमाणाची चाचणी वापरतात. प्रत्येक चाचणीला मात्र मर्यादा असते. हापूसचे प्रत्येक झाड कलमाने झालेले असते, म्हणून कोकणचा आणि कर्नाटकचा हापूस डीएनएने सहसा वेगळा ओळखू येत नाही. वाण सांगता येतो, बाग सांगता येत नाही.

बाग सांगायची तर हिशेब ठेवावा लागतो. देवगड तालुक्यातील बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. ते काढायला गेले की फाटते, आणि क्रमांक मोबाइलवरून पडताळता येतो. याची खरी ताकद बागायतदाराला त्याच्या बागेच्या मानाने मोजके स्टिकर देण्यात आहे. नुसता क्यूआर कोड कोणीही छापू शकतो. झाडांची मोजणी, सातबारा आणि स्टिकरांची संख्या यांचा मेळ बसवला, तरच बागेत पिकले त्याहून जास्त फळ त्या नावाने विकता येत नाही. पार्मिजानोच्या संघाने २०२२ मध्ये चाकाच्या कडेवरच्या पट्टीत सूक्ष्म चिप बसवून पाहिली, पण हातोडीवाला परीक्षक कामावरून काढला नाही.

ऑनलाइन बाजारात हा मेळ अधिक महत्त्वाचा आहे, कारण तिथे फळाचा वास घेता येत नाही. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याला मालाचा मूळ देश सांगावा लागतो. जिल्हा किंवा बाग सांगण्याचे बंधन नाही. त्यामुळे ‘रत्नागिरी हापूस’ असे लिहिलेल्या पानावर अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक नसला तरी विक्री सुरू राहते. मानांकित नावाने शोध घेतल्यावर नोंदणी क्रमांकाशिवाय माल दाखवायचा नाही, एवढा एक नियम केला तरी मोठा फरक पडेल. ‘हेल्थ ड्रिंक’चे सदर एका आदेशाने बदलता येते, तर हे अशक्य नाही.

निष्कर्ष

नावाच्या संरक्षणाचे तीन टप्पे आहेत : नोंदणी, तपासणी आणि खोट्या नावाला शिक्षा. भारतात पहिल्या टप्प्यावर उत्साह आहे. मानांकनाची बातमी आली की पेढे वाटले जातात आणि फलक लागतात. दुसऱ्या टप्प्यावर बागायतदारांच्या संस्था तुटपुंज्या पैशांत झुंजत आहेत आणि तिसऱ्याचे उदाहरण शोधावे लागते. मुलांच्या पदार्थांच्या बाबतीत हा क्रम थोडा बरा आहे, कारण तिथे डॉक्टर आणि पालक आवाज उठवतात. तरी ‘ओआरएस’ या अक्षरांचा गैरवापर थांबायला पहिल्या मनाईनंतरही साडेतीन वर्षे गेली.

यापुढे एखाद्या पदार्थासाठी नवे मानांकन मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने अर्जाबरोबर तीन गोष्टी ठरवाव्यात : माल कोण तपासणार, त्याचा खर्च कोण देणार, आणि नापास मालाचे काय होणार. ज्या नावामागे या तीन प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्या नावाची नोंदणी झाली तरी त्याचा फायदा पिकवणाऱ्याला होत नाही आणि खाणाऱ्यालाही होत नाही.